नवजात बाळाचा एमआरआय संगणकाकडून वाचून घ्यावा का?

प्रश्न : माझा नातू जन्मल्यावर लगेच रडला नाही; त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ७२ तास त्याचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार झाला आणि पाचव्या दिवशी एमआरआय काढला. अहवालात ‘सौम्य इजा’ असे आहे. अशी इजा आता संगणक आपोआप शोधतो, असे जावई म्हणतात. आमची सीडी तशी तपासून घ्यावी का?
— एक आजी, सांगली

उत्तर : जावई म्हणतात ते खोटे नाही, पण ते संशोधनाच्या पातळीवरचे आहे. प्राणवायूअभावी इजा झालेल्या पेशींमध्ये पाण्याच्या रेणूंची हालचाल मंदावते. एमआरआयच्या डिफ्यूजन तपासणीत ती मोजली जाते आणि तिच्यावरून तयार होणाऱ्या नकाशात इजेचा भाग काळसर दिसतो. तज्ज्ञांनी चित्रांवर इजेभोवती हाताने आखलेल्या असंख्य खुणांवरून संगणक हा काळसरपणा ओळखायला शिकतो. अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी अशा १३३ बाळांच्या तपासण्या खुणांसह खुल्या केल्या आणि २०२३ मध्ये त्यांवर इजा ओळखणाऱ्या संगणक-प्रणालींची स्पर्धाही झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक बाळांमध्ये इजेने मेंदूचा एक टक्काही भाग व्यापलेला नव्हता. खरी अडचण इथेच आहे, कारण एवढ्या लहान आणि विखुरलेल्या डागांची कड कुठे संपते, याबाबत तज्ज्ञांचेही एकमत होत नाही, मग त्यांच्याच खुणांवरून शिकलेल्या यंत्राकडून अचूकतेची अपेक्षा कशी करावी? प्रौढांच्या पक्षाघातासाठी बनवलेली प्रणालीही इथे जशीच्या तशी चालत नाही. नवजात मेंदूत पाण्याचे प्रमाण जास्त असते, मज्जातंतूंवरचे स्निग्ध आवरण पुरते तयार झालेले नसते, आणि त्यामुळे काही चित्रांत काळे-पांढरे चक्क उलटे दिसते. त्यात साधारण आठवड्याभरानंतर डिफ्यूजनमधील काळसरपणा फिका होऊन इजा झालेला भागही निरोगी भासू लागतो; म्हणून तुमच्या नातवाची तपासणी पाचव्या दिवशी झाली, हे योग्यच झाले.

समजा, संगणकाने इजेचे आकारमान अचूक काढले, तरी तेवढ्यावरून बाळाचे भवितव्य ठरत नाही. मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस किंवा त्यालगतच्या केंद्रकांमधला (चेतापेशींच्या पुंजक्यांमधला) लहान डाग हालचालींच्या दृष्टीने इतरत्रच्या मोठ्या डागापेक्षा अधिक चिंतेचा असू शकतो. तेव्हा दुसरे मत हवेच असेल, तर ती सीडी लहान मुलांच्या मेंदूचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टना दाखवा आणि गाभ्याचा हा भाग सुरक्षित आहे का, एवढे स्पष्ट विचारा. ‘सौम्य’ या एका शब्दापेक्षा त्या उत्तराने तुम्हाला अधिक कळेल.

त्याहून उपयोगी आणि बिनखर्चाची गोष्ट तुमच्याच हातात आहे. बाळ तीन महिन्यांचे झाले की, ते जागे आणि शांत असताना त्याला उताणे ठेवून मोबाइलवर काही मिनिटांचे चित्रण करा. त्या वयातील हातापायांच्या बारीक, सततच्या चुळबुळीवरून प्रशिक्षित तज्ज्ञांना पुढील हालचालींचा बराच अंदाज येतो. मान धरण्यास किंवा पालथे पडण्यास उशीर होत आहे असे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाला घेऊन जा.