बोअर मारण्याआधी झरा मोजून ठेव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत नेवाडातल्या नोकरीचं पक्कं झालं आणि पहिलंच काम भूऔष्णिक म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या वीज प्रकल्पाच्या पर्यावरण आढाव्याचं मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. आधी कायदा वाचू की भूशास्त्र, असं तू विचारलं आहेस. दोन्ही वाचावं लागेलच. पण त्याआधी एक काम कर. प्रकल्पाच्या हद्दीत आणि हद्दीबाहेरही काही मैलांपर्यंत गरम पाण्याचे झरे किती आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं पाणी कोणी, कधी, किती वर्षं मोजलंय, हे शोधून काढ. तुझ्या अहवालाची किंमत या एका उत्तरावर ठरणार आहे. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहितेय.

कायद्याचं थोडक्यात सांगते. नॅशनल एन्व्हायर्न्मेंटल पॉलिसी ॲक्ट, म्हणजे तुमच्या ऑफिसात ज्याला सगळे ‘नेपा’ म्हणतात, त्यावर निक्सन यांनी १ जानेवारी १९७० ला सही केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारी जमिनीखालची उष्णता भाडेपट्ट्याने देण्याचा कायदा झाला. नेपा कुठल्याही प्रकल्पाला नकार देत नाही. निर्णय घेण्याआधी परिणाम नीट बघा, पर्याय तपासा आणि ते लोकांपुढे मांडा, एवढंच तो सांगतो. छोटा आढावा म्हणजे ईए, सविस्तर आढावा म्हणजे ईआयएस. ईएमधून ‘लक्षणीय परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघाला की ईआयएस करावा लागत नाही. नेवाडातली जवळजवळ ८० टक्के जमीन केंद्र सरकारची, त्यातली बहुतेक ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएम या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या ताब्यात. तिथले बहुतेक भूऔष्णिक प्रकल्प ईएवरच मंजूर होतात. म्हणून ‘लक्षणीय नाही’ हे दोन शब्द कागदावर उतरवताना हाताशी पुरावा हवा.

आता जमिनीखालचं बघ. नेवाडात उष्णता येते ती मुख्यतः भूकवच ताणलं जाऊन पातळ झाल्यामुळे. त्याला मोठमोठ्या भेगा पडल्या आहेत. पावसाचं आणि बर्फाचं पाणी या भेगांतून काही किलोमीटर खोल उतरतं, तापतं आणि भ्रंशरेषेच्या वाटेने वर येतं. जिथे ते पृष्ठभागाला पोचतं तिथे गरम झरा. बोअर मारणारी कंपनीही तिथेच येते, कारण खाली उष्णता असल्याचा झऱ्याइतका स्वस्त पुरावा दुसरा नाही. या वाळवंटात प्राणी, वनस्पती आणि माणसं शतकानुशतकं त्याच पाण्याला धरून राहिली आहेत. झरा आणि वीजप्रकल्प एकाच जागेवर भेटतात ते असे.

चर्चिल काउंटीतल्या डिक्सी मेडोजचं प्रकरण मुळातून वाच, सारांशावर थांबू नकोस. ऑर्मॅट कंपनीच्या ६० मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पाला बीएलएमने नोव्हेंबर २०२१ मध्ये ईएवर मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात तिथल्या मूळ रहिवाशांची फॅलन पायूट-शोशोन जमात आणि सेंटर फॉर बायॉलॉजिकल डायव्हर्सिटी ही संस्था कोर्टात गेली. त्या खोऱ्यातल्या लहानमोठ्या झऱ्यांच्या पाणथळीत टोड जातीचा एक छोटा बेडूक राहतो, जेमतेम दोन इंचांचा. २०१७ मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली. सुमारे ७६० एकरांची ती पाणथळ सोडली तर जगात तो कुठेही नाही. एप्रिल २०२२ मध्ये फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने (केंद्र सरकारचं वन्यजीव खातं) त्याला तातडीच्या तरतुदीखाली संकटग्रस्त जाहीर केलं आणि डिसेंबरात ते कायम केलं. पुढे कंपनीने सुरुवातीला १२ मेगावॉटपुरताच प्रकल्प करण्याचा प्रस्ताव मांडला.

हा बेडूक थंडीत काय करतो ते समजून घे. जानेवारीत तिथे पारा शून्याच्या बराच खाली असतो. त्या दिवसांत तो कोमट पाण्याच्या कडेला, गवताच्या मुळांशी जागा धरतो. उगमापाशी पाणी फार गरम, थोडं लांब गेलं की गोठणारं. मधला अरुंद पट्टाच त्याच्या कामाचा. झरा आटलाच पाहिजे असं नाही. पाणी काही अंशांनी थंड झालं तरी तो पट्टा सरकतो आणि जिथे सरकतो तिथे गवत असेलच असं नाही. त्या ईएसोबत देखरेखीचा आराखडा होता: झऱ्यांत बदल दिसला तर पंपिंग कमी-जास्त करू, वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडायच्या विहिरी बदलू, गरज पडली तर गरम पाणी आणून झऱ्यात सोडू. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने तज्ज्ञांना विचारलं, तेव्हा बदल वेळेत कळेल आणि सावरता येईल याची त्यांना फारशी खात्री वाटली नाही. माझंही मत तेच आहे. बैल गेला आणि झोपा केला, असं या आराखड्यांचं फार वेळा होतं.

आणि ही भीती हवेतली नाही. नेवाडातच बिओवावीला गीझरचं, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्यांचं, मोठं मैदान होतं. १९५० च्या दशकापासून तिथे शोधविहिरी मारल्या गेल्या, पुढे वीजप्रकल्प झाला, आणि गीझर संपले. रिनोजवळच्या स्टीमबोट स्प्रिंग्जचे झरे १९८० च्या दशकात वाहायचे थांबले. न्यूझीलंडमध्ये वैराकेईचं केंद्र १९५८ मध्ये सुरू झालं, त्यानंतर शेजारच्या गीझर व्हॅलीतले गीझर विझले आणि जमीन काही ठिकाणी कित्येक मीटर खचली.

मीटिंगमध्ये तुला एक वाक्य नक्की ऐकू येईल: ‘आम्ही शंभर टक्के पाणी परत जमिनीत सोडतो.’ आजचे बहुतेक नवे बायनरी प्रकल्प खरोखर सोडतात. गरम पाणी वर आणतात, त्याच्या उष्णतेवर पेंटेनसारखा लवकर उकळणारा द्रव उकळवून टर्बाइन फिरवतात आणि थंड झालेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून खाली ढकलतात. हिशोब लिटरचा असेल तर तो शून्य होतो. झरा मात्र लिटरवर चालत नाही, तो दाबावर चालतो. उपसा इथे आणि भरणा दोन मैलांवर असेल तर इथला दाब उतरतोच. उंच इमारतीत पाण्याचा दाब कमी झाला की सगळ्यात आधी वरच्या मजल्याचा नळ कोरडा पडतो, झऱ्याचं तसं असतं. शिवाय परत गेलेलं पाणी थंड असतं. ते कुठल्या भेगेतून कुठे निघेल हे भेग ठरवते. म्हणून त्या वाक्यानंतर तू तीन गोष्टी माग: उपशाच्या आणि भरण्याच्या विहिरींच्या जागा व खोली, विहिरी चालवून झऱ्यावर दाब मोजलेली चाचणी, आणि भरण्याच्या विहिरीत मागोवा घेणारं रसायन सोडून ते झऱ्यात कधी उमटलं याची नोंद. ‘चाचणी प्रकल्प उभा राहिल्यावर करू’ असं उत्तर आलं तर ते अहवालात जसंच्या तसं लिही.

आता मोजणी. तापमानाचा लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारं यंत्र, झऱ्याच्या तोंडाशी नेमका कुठे ठेवलाय याचा फोटो, अक्षांश-रेखांश आणि पाण्याखालची खोली लिहून ठेव. हातभर सरकला तर आकडा बदलतो आणि पुढल्या वर्षी कोणालातरी झरा थंड झाल्याचा भास होतो. पाणथळीत पाणी एका धारेने येत नाही, चिखलातून झिरपतं. तिथे नुसता प्रवाह मोजून भागत नाही, पातळी मोजायला उथळ नळ्या रोवाव्या लागतात. क्लोराइड, सिलिका, बोरॉन आणि पाण्याचे समस्थानिक तपासून घे, कारण खोलवरचं गरम पाणी आणि वरचं थंड भूजल झऱ्यात कोणत्या प्रमाणात मिसळतंय हे त्यांवरूनच कळतं. तापमान तेच राहूनही मिश्रण बदलू शकतं, आणि पुढच्या घसरणीची ती पहिली खूण असते. गुरांनी काठ तुडवलाय का, शेजारच्या शेतात पंप चालू झालाय का, बर्फ किती पडलं, तेही लिही. नाहीतर उद्या झरा घटला की दुष्काळाकडे बोट दाखवलं जाईल आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. स्टीमबोटला विहिरींचा दोष किती आणि दुष्काळाचा किती, हा वाद म्हणूनच एवढा लांबला. हे सगळं किमान दोन-तीन हिवाळे चालायला हवं. एका उन्हाळ्याच्या नोंदीला आधीची स्थिती म्हणायला मी तयार नाही.

मोजणीइतकंच महत्त्वाचं आहे थांबायचं कलम. कुठल्या झऱ्यात किती अंश किंवा किती पातळी घटली की पंप बंद होणार, बंद कोण करणार, किती तासांत, हे आकड्यांत लिहिलेलं असावं. ‘योग्य ती उपाययोजना करण्यात येईल’ या ओळीने आजवर एकही पंप थांबलेला नाही.

मी या विजेच्या विरोधात आहे असं समजू नकोस. रात्रंदिवस चालणारी, धूर नसलेली, थोड्या जागेत मावणारी वीज आपल्याला हवी आहे आणि ती लवकर हवी आहे. कंपन्यांची एक तक्रारही खरी आहे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या २०१९ च्या जिओव्हिजन अहवालानुसार एकाच जागेसाठी सहा वेळापर्यंत नेपाचा आढावा होऊ शकतो आणि प्रकल्पाला सात ते दहा वर्षं लागू शकतात. खाली किती तापमान आहे हे बघायला लहान भोक पाडायचं, त्यालाही मोठा आढावा, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून बीएलएमने २०२४ पासून शोधकामाला काही मर्यादेत सूट दिली ते मला बरंच वाटलं. तिथे वाचलेला वेळ झरे मोजायला वापरावा, इतकंच माझं म्हणणं. पण एप्रिल २०२५ मध्ये इंटिरिअर खात्याने (बीएलएम ज्याच्या हाताखाली येतं ते खातं) ऊर्जेच्या आणीबाणीचं कारण देऊन ईए १४ दिवसांत आणि ईआयएस २८ दिवसांत उरकण्याची पद्धत आणली. मे महिन्यात नेवाडातल्या भूऔष्णिक प्रकल्पांनाही ती लागू केली. १४ दिवसांत अहवाल लिहून होईल, झऱ्याचा हिवाळा मोजून होणार नाही. त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सेव्हन काउंटी खटल्यात सांगितलं की नेपाच्या बाबतीत कोर्टांनी सरकारी खात्याच्या निर्णयाला मोठा मान द्यावा. याचा तुझ्या कामावर थेट परिणाम आहे. पूर्वी कच्चा अहवाल कोर्टात पकडला जाण्याची शक्यता होती. आता ती कमी झाली, आणि शेवटची तपासणी बरीचशी तुझ्या टेबलावरच होणार.

पर्यायांच्या प्रकरणात कंजुषी करू नकोस. फर्वो कंपनीच्या युटातल्या केप स्टेशन प्रकल्पाला ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तिथे गरम पण कोरड्या खडकाला भेगा पाडून पाणी फिरवतात, म्हणजे नैसर्गिक झऱ्याला चिकटून राहायची गरज उरत नाही. त्याचे धोके वेगळे आहेत. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ मध्ये अशाच कामामुळे ५.४ रिश्टरचा भूकंप झाला. तरीही ‘हीच जागा का?’ या प्रश्नाला आज पूर्वीपेक्षा जास्त उत्तरं आहेत आणि ती अहवालात दिसली पाहिजेत.

जमातीशी बोलणं हा वेगळा विषय, पण एवढं सांगते. डिक्सीचे झरे फॅलन पायूट-शोशोन लोकांसाठी पवित्र आहेत. त्यांचा सल्लामसलतीचा हक्क जनसुनावणीतल्या पाच मिनिटांत मावत नाही, तो सरकार आणि जमात यांच्यातला असतो. विहिरींच्या जागा ठरवून नकाशा छापायच्या आधी जा. पवित्र जागा नेमकी कुठे आहे हे ते सांगणार नाहीत, हट्ट धरू नकोस. आणि भाडेपट्टा देण्याच्या टप्प्यावरच हे बोलणं व्हावं यासाठी आग्रह धर, कारण पट्टा दिला की कंपनीचा हक्क तयार होतो. कॅलिफोर्नियातल्या मेडिसिन लेकच्या पट्ट्यांची मुदत पुरेसा आढावा न करता वाढवली म्हणून पिट रिव्हर जमातीच्या बाजूने २००६ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्ट) निकाल दिला, तोही वाच.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नकोस. लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीने बोअर मारलं, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये खालचं गरम पाणी उसळून पुगा नाल्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. तिथे काळ्या मानेचे क्रौंच येतात, चांगपा लोकांच्या शेळ्या चरतात. २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण आणलं. आपल्याकडे गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यांत लोक अंघोळी करतात, देवळं आहेत. त्यांच्या पाण्याच्या सलग नोंदी आजच सुरू व्हायला हव्यात, कोणी बोअरची गाडी घेऊन यायच्या आधी. तू शिकून घेशील ते इथे लागणार आहे.

पहिल्या फील्ड भेटीला जाशील तेव्हा तिथल्या जुन्या लॉगरच्या कच्च्या फायली माग, गुळगुळीत केलेले आलेख घेऊ नकोस. त्या फायलींत जिथे जिथे खंड आहे त्या तारखा वेगळ्या काढ आणि मला पाठव. त्या दिवसांत काय चाललं होतं हे आपण दोघी मिळून बघू. रविवारी सकाळी, तुझ्याकडे शनिवारची रात्र असेल तेव्हा, मी फोनपाशी असेन.

तुझी,
मावशी