कोण म्हणतं, ते आधी विचार

प्रिय नव्या संपादिके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मराठी विकिपीडियावर पुणे विद्यापीठाच्या लेखात तू पंधरा दिवस खपून घातलेला मजकूर कुणीतरी एका टिचकीत उलटवला, म्हणजे लेख आधीच्या रूपात परत नेला, आणि संपादन सारांशात, म्हणजे बदलाचं कारण लिहायच्या ओळीत, 'अविश्वकोशीय' एवढा एकच शब्द टाकला. असा शब्द फेकून निघून जाणं हा शुद्ध आळस आहे. लेखाला जोडलेल्या चर्चापानावर दोन ओळी लिहायला काय जात होतं? पण त्या बदलापुढे दिसणारा 'उणे चौदा हजार' आकडा बघून धसका घेऊ नकोस. ते बाइट आहेत, संगणकात मजकूर मोजायचं माप, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे गेली ती साडेचार हजारांच्या आसपास चिन्हं, जेमतेम दोन-अडीच पानं. पानाच्या इतिहासात ती जशीच्या तशी पडून आहेत.

तू विचारतेस, "सगळं खरं होतं, मग काढलं का?" कँटीनचा चहा बारा रुपयांना मिळतो हेही खरंच असेल. खरं असणं ही नुसती उंबऱ्यापर्यंतची वाट झाली. आत घ्यायचं की नाही हे ठरवायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे आणि तो मी तुला कंटाळा येईपर्यंत विचारणार आहे: कोण म्हणतं? म्हणणारा विद्यापीठाचा पगारी आहे का, तिथे शिकलाय का, तिथल्या जाहिरातीवर जगतो का? यातलं काहीच नसताना त्याला ही गोष्ट लिहावीशी वाटली असेल, तर ती आपल्या कामाची.

तुझं पहिलंच वाक्य घेऊ. 'निसर्गरम्य परिसरात वसलेले हे नामांकित विद्यापीठ पूर्वेचे ऑक्सफर्ड म्हणून ओळखले जाते.' निसर्गरम्य कोण म्हणतं? माहितीपत्रक. नामांकित? तेच माहितीपत्रक. 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' कोण म्हणतं? इथे सगळे पंडित नेहरूंचं नाव पुढे करतात. मग भाषण दाखवा, तारीख दाखवा, ठिकाण दाखवा. आणि ती उपमा बहुतेक वेळा पुणे शहराला चिकटवलेली असते, विद्यापीठाला नाही. त्या जागी मी असं लिहीन: 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे पुणे येथील राज्य विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. २०१४ साली त्याच्या नावात सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडण्यात आले.' रुक्ष आहे, मान्य. पण यातला प्रत्येक तुकडा कायद्यात, राजपत्रात किंवा जुन्या वर्तमानपत्रात बोट ठेवून दाखवता येतो. तारीख, कायदा, ब्रीदवाक्य ('यः क्रियावान् स पण्डितः') असल्या कोरड्या गोष्टींसाठी विद्यापीठाचं संकेतस्थळसुद्धा चालतं. कौतुकासाठी मात्र ते कधीच चालत नाही.

आता माजी विद्यार्थी. तुझ्या यादीत चौऱ्याहत्तर नावं आहेत आणि तिसऱ्या क्रमांकावर लोकमान्य टिळक! अगं, टिळक १९२० साली गेले आणि विद्यापीठ १९४९ चं. टिळक डेक्कन कॉलेजात शिकले, कॉलेज पुण्यात होतं, हे सगळं बरोबर. पण पदवी मुंबई विद्यापीठाची. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. फर्ग्युसन १८८५ चं. म्हणजे तिथल्या पहिल्या चौसष्ट वर्षांतल्या पदवीधरांपैकी एकही पुणे विद्यापीठाचा नाही. ही चूक तू एकटीच करत नाहीस, पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या यादीत ती डोकावते, कारण 'पुण्यात शिकले' आणि 'पुणे विद्यापीठात शिकले' यांत लोकांना फरकच वाटत नाही.

हाच घोळ अलीकडच्या काळात उलट्या बाजूने होतो. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, तेव्हा बी. जे. मेडिकलच्या त्यानंतर प्रवेश घेतलेल्या डॉक्टरची पदवी तिथली. सीओईपी, म्हणजे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे. डेक्कन कॉलेज आज अभिमत विद्यापीठ आहे. फिल्म इन्स्टिट्यूट तर कधीच या विद्यापीठाचा भाग नव्हती, तरी तुझ्या यादीत तिथले चार नट आलेत. म्हणून प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: पदवी कोणती, कोणत्या वर्षी, आणि कोण म्हणतं. त्या व्यक्तीवर स्वतंत्र लेख नसेल तर नाव तूर्त बाजूला ठेव. मानद डी.लिट. मिळालेला माणूस माजी विद्यार्थी होत नाही. संलग्न महाविद्यालयातला पदवीधर नियमाने विद्यापीठाचाच, पण तसं धरलं तर यादी कधी संपायचीच नाही. त्याचं नाव त्या महाविद्यालयाच्या लेखात शोभतं. मुख्य लेखात बारा-पंधरा नावं पुरेत, तीही ओळीने टांगलेली नकोत. विभागांच्या माहितीत ओवलेली बरी.

परिसराबद्दल तू लिहिलंस त्यात जीव आहे. ते मला आवडलं. पण '४११ एकर परिसरातील विद्यापीठाच्या आयुका, एनसीआरए या संस्था' हे वाक्य सपशेल चूक आहे. आयुका ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली उभारलेली खगोलशास्त्राची स्वायत्त संस्था, एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. दोन्ही आवारात आहेत, विद्यापीठाच्या मालकीच्या नाहीत. एका फाटकातून आत जातो म्हणून एका घरातले होत नाहीत. त्याच न्यायाने जयंत नारळीकर आयुकाचे संस्थापक संचालक, त्यांना विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या यादीत बसवू नकोस. आणि एनसीआरएची खोडदची रेडिओ दुर्बीण विद्यापीठाच्या 'सुविधां'त तर अजिबात नको. 'आवारातील इतर संस्था' असा चार ओळींचा वेगळा विभाग कर, प्रत्येकीच्या लेखाचा दुवा दे आणि पुढे जा.

मुख्य इमारत ही पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळी राहण्याची जागा. बांधकाम १८६४ मध्ये सुरू झालं, आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. इथे तू रँडच्या वधावर तीन परिच्छेद लिहिलेस. २२ जून १८९७ च्या रात्री रँड या गव्हर्नमेंट हाउसमधला हीरकमहोत्सवी समारंभ आटोपून परतत होता, तेव्हा गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. इमारतीशी संबंध पक्का आहे, म्हणून एक वाक्य ठेव. बाकीचं चापेकर बंधूंच्या लेखात असायला हवं, तिथे असेलही, बघून घे. लेखाचा विषय विद्यापीठ आहे आणि ते या घटनेनंतर बावन्न वर्षांनी जन्मलं.

तुला सगळ्यात जास्त राग आला तो 'वाद' हा विभाग गेल्याचा. निकालाला उशीर झाला, मुलांनी मोर्चा काढला, एका अधिकाऱ्याचं नाव घेऊन तू 'गलथान' असं लिहिलंस. कोण म्हणतं गलथान? "सगळेच." सगळेच म्हणजे तुझा वर्ग. मी पूर्वी असे विभाग सरसकट उडवत असे, आणि ते माझं चुकत होतं. विद्यापीठाला नकोशी असलेली गोष्ट लेखातून गायब करणं ही त्याची फुकट जाहिरातच झाली. पण उपाय 'सगळं ठेवा' हा नाही. वजन करायचं. मराठवाडा विद्यापीठाचं बघ. ते १९५८ साली स्थापन झालं. डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं चाललेल्या त्या लढ्यावर विधिमंडळात, वर्तमानपत्रांत, अभ्यासकांच्या लिखाणात केवढं लिहिलं गेलं! त्या विद्यापीठाच्या लेखात नामांतराला दोन ओळी देणारा आणि ग्रंथालयाला दोन परिच्छेद देणारा माणूस तटस्थतेचं नाव घेऊन लबाडी करतो. तुझ्या निकालाच्या उशिरावर एकाच आठवड्यात तीन बातम्या आल्या, त्यातल्या दोन एकाच वृत्तसंस्थेच्या. वर्षभर थांब. चौकशी समिती बसली, न्यायालयाने काही म्हटलं, नियम बदलला, तर तो बदल लिही आणि कारण म्हणून उशीर सांग. आरोप सिद्ध झालेला नसताना जिवंत माणसाचं नाव घालू नकोस. विद्यार्थ्यांची नावं तर कधीच नकोत.

मानांकनाचं थोडक्यात सांगतो. नॅक ही संस्था विद्यापीठांचं मूल्यांकन करते. तिची श्रेणी लिहायची तर गुण, फेरी आणि वर्ष यांसकट. ती कायमची नसते, ठरावीक वर्षांपुरती असते. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी २०१६ पासून येते. त्यात विद्यापीठांसाठी अध्यापन आणि संशोधन यांना ३०-३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या समजाला १०. यातली बरीच आकडेवारी संस्थांनी स्वतःच भरून दिलेली असते, तेव्हा इथेही कोण म्हणतं ते विसरू नकोस. चांगला क्रमांक आला ते वर्ष ठेवायचं आणि घसरला ते गाळायचं, असं करायचं नाही. ताजा क्रमांक, त्याचा गट आणि वर्ष, एका ओळीत. शुल्क, प्रवेशाच्या तारखा, दूरध्वनी, विभागप्रमुखांची नावं काढून टाक. कुलगुरूंची यादी ठेव, त्यांच्या नेमणुकीची कागदोपत्री नोंद असते.

लोक मला कात्रीवाला म्हणतात, तूही मनात म्हणत असशील. म्हण. पण बिनसंदर्भाच्या एका वाक्याचं पुढे काय होतं ते बघ. ते लेखात वर्षभर राहतं. कुठलातरी बातमीदार घाईत ते उचलतो. मग कुणी सज्जन संपादक तीच बातमी संदर्भ म्हणून त्या वाक्याला जोडतो. झालं, थाप पक्की झाली, आणि आता ती काढणाराच उपद्रवी ठरतो. म्हणून बातमीची तारीख आणि ते वाक्य लेखात आल्याची तारीख पानाच्या इतिहासात ताडून बघायची सवय लाव. बातमी नंतरची असेल आणि शब्द तेच असतील, तर तो संदर्भ बाद.

आता कामाला लाग. तुझी जुनी आवृत्ती इतिहासातून उचलून तुझ्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, आण. छापून घे, पडद्यावर हे होत नाही. ज्या वाक्याला परका, छापील आधार आहे त्याखाली निळी रेघ, फक्त विद्यापीठाचा आधार आहे त्याखाली हिरवी, काहीच नाही तिथे लाल. लाल सगळं काढ. हिरव्यातली विशेषणं काढ आणि तारखा ठेव. संकेतस्थळावरून उचललेली वाक्यं, शब्द इकडचे तिकडे केलेली असली तरी, स्वतःच्या भाषेत नव्याने लिही. तो प्रताधिकाराचा प्रश्न आहे आणि त्यावर कुणी वाद घालत बसणार नाही, थेट वगळतील. दुवा देताना वेबॅक मशीन या जालावरच्या संग्रहात त्याची प्रत जतन कर, कारण संकेतस्थळाची नवी मांडणी झाली की जुने पत्ते मरतात. मग एकेक विभाग वेगवेगळ्या संपादनात चढव. एकदम सगळं चढवलंस तर एका चुकीपायी उलटवणारा सगळंच उलटवेल, मागच्या वेळी नेमकं तेच झालं. दर वेळी सारांशात काय बदललं आणि कशाच्या आधारे ते लिही. आणि चर्चापानावर आधीच सांगून टाक की तू तिथली विद्यार्थिनी आहेस. त्यात लाज नाही. लपवलंस तर मात्र पुढे प्रत्येक ओळीवर संशय घेतील.

एक परिच्छेद मला परत हवाय. विद्यापीठाला गणेशखिंडीची जागा मिळण्यात तेव्हाचे मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचा वाटा आणि पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या काळात पदव्युत्तर विभाग कसे उभे राहिले, हे तू नेमकं लिहिलंयस. कापणाऱ्याने तेही कापलं, कारण संदर्भात नुसतं पुस्तकाचं नाव होतं, पृष्ठक्रमांक नव्हता. पुस्तक तुझ्याच जयकर ग्रंथालयात आहे असं तू लिहितेस. सोमवारी जा, पान बघ, आवृत्तीचं वर्ष बघ आणि मला कळव. परिच्छेद तूच लाव, उलटवला तर चर्चापानावर मी येतो.

तुझा,
भांडखोर काका