पासवर्ड मॅनेजरच्या जुन्या फाइली नव्या आवृत्तीत कशा न्यायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपसाठी तुम्ही स्वतः पासवर्ड मॅनेजर लिहिला आहे. फाइल एईएस-२५६ने कूटबद्ध होते आणि मास्टर पासवर्डवरून किल्ली काढायला पीबीकेडीएफ२ या पद्धतीच्या १०,००० फेऱ्या आहेत. पुढच्या अपडेटमध्ये तिच्या जागी आर्गॉन२ ही भरपूर मेमरी लागणारी, म्हणून फोडायला महाग पद्धत आणायची आहे. मग फाइल उघडली की लगेच नव्या पद्धतीने जतन करून टाकावी का, आणि अपडेट लोकांपर्यंत कसं पोचवावं?

उघडताक्षणी जतन करू नका. तुमच्या डोळ्यासमोर एक मशीन आणि एक फाइल आहे, पण वापरणाऱ्याकडे घरचा कॉम्प्युटर, ऑफिसचा लॅपटॉप आणि दोन्हीकडे सिंक होणारं एकच फोल्डर असतं. रविवारी घरी अपडेट घेतलं, फाइल नव्या रूपात गेली, सोमवारी ऑफिसातली जुनी आवृत्ती तीच फाइल उघडते आणि म्हणते, ‘पासवर्ड चुकीचा आहे’. माणूस दहा वेळा पासवर्ड टाकून बघतो आणि शेवटी जुना बॅकअप वर चढवतो. घरी टाकलेल्या नोंदी गेल्या.

म्हणून मी दोन टप्प्यांत जाईन. पहिल्या अपडेटमध्ये नवा फॉरमॅट फक्त वाचता यावा, लिहिणं जुन्यातच. काही महिन्यांनी दुसऱ्या अपडेटमध्ये लिहायला सुरुवात करा, तेही वापरणाऱ्याला विचारून. कीपास या पासवर्ड मॅनेजरने असंच केलं. जानेवारी २०१७मध्ये २.३५ आवृत्तीत केडीबीएक्स ४ फॉरमॅट आला, पण आर्गॉन२ किंवा नव्या फॉरमॅटशिवाय न जमणारी एखादी सोय निवडली नसेल, तर फाइल जुन्या ३.१मध्येच जतन होत राहिली.

हे जमायचं तर फाइलच्या सुरुवातीला, कूटबद्ध न केलेल्या भागात, फॉरमॅटचा आकडा हवा. मोठा आकडा आणि छोटा आकडा असे दोन ठेवा. मोठा आकडा ओळखीचा नसेल तर प्रोग्रामने पासवर्ड विचारण्याआधीच थांबावं आणि ‘ही फाइल नव्या आवृत्तीची आहे, अपडेट घ्या’ असं सांगावं. छोटा आकडा पुढचा असेल तर फाइल उघडावी, पण न कळलेली फील्ड जशीच्या तशी सांभाळून परत लिहावीत. ही दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. जुनी आवृत्ती अनोळखी फील्ड टाकून देऊन जतन करते आणि कुणाला काही कळायच्या आत माहिती पुसली जाते. तुमच्या सध्याच्या फाइलीत असा आकडाच नसेल, तर आर्गॉन२च्या आधी तेवढंच एक अपडेट काढा.

आता आकडे. पीबीकेडीएफ२ला मेमरी लागत नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवर ते स्वस्तात फोडायला घेता येतं. एसएचए-२५६सोबत वापरायचं तर ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षा संस्थेची शिफारस ६,००,००० फेऱ्यांची आहे, तेव्हा तुमचे १०,००० खरोखरच कमी आहेत. आर्गॉन२च्या आर्गॉन२आयडी या प्रकारासाठी आरएफसी ९१०६ या तांत्रिक दस्तऐवजात दोन पर्याय आहेत: २ जीबी मेमरी, १ फेरी, ४ समांतर धागे, किंवा ६४ एमबी, ३ फेऱ्या, ४ धागे. मी दुसऱ्यापासून सुरुवात करेन आणि वापरणाऱ्याच्या मशीनवर साधारण एक सेकंद लागेल इतपत फेऱ्या वाढवेन. मेमरी वाढवण्याचा मोह आवरा. तीच फाइल उद्या कुणीतरी फोनवर उघडणार, आणि तिथे ऑटोफिलच्या वाट्याला मेमरी फार थोडी येते. डेस्कटॉपवर मजेत ठेवलेले १ जीबी तिथे ॲप बंद पाडतात.

हे आकडे फाइलीत लिहिलेले असतात आणि पासवर्ड तपासण्याआधीच वाचावे लागतात, म्हणजे ते कुणीही बदललेले असू शकतात. त्यामुळे मेमरी मागण्याआधी कमाल मर्यादा तपासा. नाहीतर एका बिघडलेल्या फाइलीमुळे अख्खं मशीन गुदमरेल.

फाइलीची मूळ किल्ली यादृच्छिक असेल आणि मास्टर पासवर्डच्या किल्लीने ती फक्त गुंडाळलेली असेल, तर आर्गॉन२वर जाताना नुसतं आवरण बदलून भागतं असं वाटेल. भागत नाही. जुनी प्रत कुणाच्या हाती लागली असेल तर १०,००० फेऱ्यांचं आवरण फोडून तो मूळ किल्ली मिळवेल, आणि त्याच किल्लीने तुमची नवी फाइलही उघडेल. रूपांतराच्या वेळी मूळ किल्ली नवी काढा आणि सगळा मजकूर पुन्हा कूटबद्ध करा. शिवाय सिंक फोल्डरच्या जुन्या आवृत्त्या आणि पेनड्राइव्हवरचे बॅकअप कमकुवतच राहतात, हे वापरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगा. मास्टर पासवर्ड बदलल्याने जुन्या प्रती सुधारत नाहीत, त्या शोधून पुसाव्या लागतात.

मराठी वापरणाऱ्यांसाठी एक खास खाचखळगा आहे. कुणी मास्टर पासवर्ड देवनागरीत ठेवला आणि त्यात ‘दऱ्या’ असा शब्द असला, तर त्यातलं ऱ्य दोन प्रकारे टाइप होतं: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, बाइट वेगळे. एनएफसी सामान्यीकरण (युनिकोडमधली अक्षरं एकाच रूपात आणायची रीत) र आणि नुक्ता यांचा ऱ करतं, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप त्याच्या आवाक्यात नाही. कीबोर्ड बदलला की पासवर्ड ‘चुकतो’ तो असा. सामान्यीकरण आणायचं असेल तर गुपचूप आणू नका: आधी जसा टाइप केला तसा पासवर्ड लावून बघा, न जुळल्यास सामान्यीकृत रूप, आणि कोणतं लागू पडलं त्याची खूण रूपांतराच्या वेळी फाइलीत ठेवा.

लोकांचा डेटा कूटलिपीच्या चुकीमुळे क्वचित जातो. तो जातो जतन करताना. मूळ फाइल उघडून तिच्यावरच लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा (म्हणजे ती खरोखर डिस्कवर उतरते), ती परत वाचून एचमॅक, म्हणजे किल्लीवरून काढलेली पडताळणीची खूण, जुळतो का बघा (किल्ली हाताशी असतेच, आर्गॉन२ पुन्हा चालवावं लागत नाही), आणि मगच नाव बदलून मूळ फाइलीच्या जागी आणा. लिनक्सवर त्यानंतर फोल्डरचंही एफसिंक करा. विंडोजवर रिप्लेसफाइल हे फंक्शन वापरलं तर परवानग्या टिकतात, पण अँटिव्हायरस किंवा सिंकवाला प्रोग्राम नेमका तेव्हाच फाइल धरून बसलेला असू शकतो. २०० मिलिसेकंदांच्या अंतराने पाचेक वेळा प्रयत्न करा. तरीही न जमल्यास तात्पुरती फाइल तशीच ठेवून तिचा पत्ता दाखवा. फाइल सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणारी नुसती खूण, असेल तर आधी खरा पत्ता शोधा, नाहीतर नाव बदलताना लिंक तुटते आणि सिंक फोल्डरमधली मूळ फाइल जुनीच राहते.

जतन करण्याआधी डिस्कवरची फाइल आपण उघडल्यानंतर बदलली आहे का, हे हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, घेऊन तपासा. बदलली असेल तर विलीन करा: प्रत्येक नोंदीला यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक), यूटीसीतली शेवटच्या बदलाची वेळ, आणि पुसलेल्या नोंदींची वेगळी यादी. ती यादी नसेल तर पुसलेली नोंद दुसऱ्या मशीनवरून परत उगवते. विलीन करताना हरलेली, म्हणजे जुन्या वेळेची, नोंद फेकू नका, इतिहासात ठेवा. घड्याळं चुकतातच.

कीपासच्या फाइली आयात करणार असाल तर एकच इशारा. त्यांत एक्सएमएलमधले संरक्षित पासवर्ड एकाच सलग कीस्ट्रीमने, म्हणजे किल्लीवरून निघणाऱ्या बाइटांच्या धारेने, दस्तऐवजातल्या क्रमाने झाकलेले असतात, इतिहासातल्या नोंदींसकट. मधली एक संरक्षित नोंद वगळलीत की पुढचे सगळे पासवर्ड कचरा होतात.

आता अपडेट पोचवणं. २०१६मध्ये कीपासवर आक्षेप आला (सीव्हीई-२०१६-५११९, म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला क्रमांक) की नवी आवृत्ती आली का ही तपासणी साध्या एचटीटीपीवरून होते आणि मधला माणूस खोटी सूचना देऊ शकतो. २.३४मध्ये आवृत्तीच्या माहितीवरच डिजिटल सही आली. एप्रिल २०२१मध्ये पासवर्डस्टेट या कंपन्यांसाठीच्या पासवर्ड मॅनेजरच्या अपडेट यंत्रणेतूनच सुमारे २८ तास घातक फाइल वाटली गेली. एचटीटीपीएस आहे म्हणून सर्व्हर स्वच्छ असतो असं नाही. सही वेगळ्या, नेटला न जोडलेल्या मशीनवर करा, किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये ठेवा. प्रोग्रामात दोन सार्वजनिक किल्ल्या घाला, एक चालू आणि एक राखीव, म्हणजे पहिली फुटली तर दुसरीने पुढचं अपडेट देता येईल. सही केलेल्या माहितीत आवृत्तीचा चढता आकडा आणि मुदत दोन्ही हवीत. आकडा नसेल तर कुणी जुनी, भोक असलेली आवृत्ती सही शाबूत असल्याने परत गळ्यात मारेल; मुदत नसेल तर ‘नवीन काही नाही’ हेच वर्षभर ऐकवत राहील. आणि इन्स्टॉलर सुरू करण्याआधी फाइल जतन करून कुलूपबंद करा. चालू प्रोग्राम मारून टाकणारे इन्स्टॉलर इथे चालत नाहीत.

मेमरीबद्दल लांबण लावत नाही. पासवर्डचा खाना स्वतः लिहिणार असाल तर सीव्हीई-२०२३-३२७८४ आधी वाचा. कीपास २च्या खास बनवलेल्या खान्यातून प्रत्येक अक्षरागणिक मेमरीत अवशेष उरत, आणि मेमरी डंपमधून, म्हणजे मेमरीच्या नकलेतून, पहिलं अक्षर सोडून जवळजवळ अख्खा मास्टर पासवर्ड जुळवता येई. २.५४मध्ये ते दुरुस्त झालं. क्लिपबोर्ड १० ते १२ सेकंदांनी रिकामा करा, पण त्यात अजून आपलाच मजकूर असेल तरच. विंडोजवर मजकूर क्लिपबोर्डच्या इतिहासात जाऊ नये यासाठीची खूणही सोबत लावा.

चाचणीसाठी आजवरच्या प्रत्येक आवृत्तीने लिहिलेल्या नमुना फाइली कोडसोबत जपून ठेवा, त्यांचे पासवर्ड उघड चालतील. प्रत्येक बिल्डमध्ये त्या उघडा, जतन करा, परत उघडा आणि नोंदी एकेक करून जुळवा. मग १० एमबीची एक आभासी डिस्क जवळजवळ भरून तिच्यावर जतन करून बघा, आणि जतन चालू असताना प्रोग्राम मारून बघा. दोन्ही वेळा मूळ फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी मिळत नसेल, तर ते अपडेट बाहेर पाठवू नका.