सन्हेड्रिन या प्राचीन ज्यू न्यायमंडळात सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने दोषी ठरवलं, तर आरोपी सुटायचा हे खरं आहे का?

नियम खरा आहे, तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या कायदेचर्चेच्या ग्रंथात आहे. पण 'सगळ्यांचं एकमत म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं' हे जे कारण सोबत सांगितलं जातं, ते तिथे नाही. मी वकिली केली आहे, म्हणून खरं कारण मला जास्त भावलं.

सन्हेड्रिन म्हणजे ग्रीकमध्ये 'एकत्र बसणं'. मराठी बायबलात तिला न्यायसभा म्हटलंय. मोठी सभा 71 जणांची, जेरुसलेमच्या मंदिरात घडीव दगडांच्या दालनात भरे. बायबलातल्या मोशेने निवडलेले 70 वडीलधारे आणि तो स्वतः, असा त्या आकड्याचा हिशेब. देहदंडाचे खटले मात्र सहसा 23 जणांच्या छोट्या सभेपुढे चालत. मिश्ना (तालमूदचा पाया असलेला नियमसंग्रह) म्हणते, न्यायाधीश अर्ध्या खळ्यासारखे गोलाकार बसत, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचं तोंड दिसावं.

आता मुद्दा. सोडायचं असेल तर एका मताचं आधिक्य पुरे, निकाल त्याच दिवशी. दोषी ठरवायला दोन मतांचं आधिक्य हवं, म्हणजे 12 विरुद्ध 11 ने भागत नाही, आणि निकाल दुसऱ्या दिवशीच. (म्हणून शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी असा खटला घेतच नसत.) मधल्या रात्री न्यायाधीशांनी दोघादोघांनी बसायचं, कमी जेवायचं, दारूला शिवायचं नाही आणि रात्रभर खल करायचा. ही रात्र कशासाठी? आरोपीच्या बाजूचा एखादा मुद्दा सापडावा म्हणून. पहिल्याच दिवशी सगळे दोषी म्हणून मोकळे झाले, तर रात्री तो मुद्दा शोधणार कोण? म्हणून तालमूदमधले एक धर्मपंडित, राव काहाना म्हणतात, सोडून द्या त्याला.

बाकीचे नियमही त्याच वळणाचे. मतं कनिष्ठांपासून घ्यायची. आमच्या बार रूममध्ये ज्येष्ठांनी तोंड उघडलं की बाकीचे माना डोलावतात, त्यामुळे यामागचं शहाणपण मला समजावून सांगावं लागलं नाही! 'सोडा' म्हणणाऱ्याला नंतर उलटता येत नाही, 'दोषी' म्हणणाऱ्याला येतं. शिक्षेसाठी नेताना न्यायालयाच्या दाराशी एक माणूस कापड घेऊन उभा, आणि तो दिसेल इतक्या अंतरावर घोडेस्वार. आत कुणाला नवा मुद्दा सुचला की कापड हलवायचं, स्वाराने दौडत जाऊन शिक्षा थांबवायची.

पण हे सगळं जसंच्या तसं घडत होतं असं धरून चालू नका. मंदिर पडलं इ.स. 70 मध्ये, मिश्ना संकलित झाली 200 च्या आसपास, आणि राव काहाना तर बाबिलोनियातले. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस आणि बायबलातली शुभवर्तमानं वाचलीत तर तिथे प्रमुख याजकच सभा बोलावताना दिसतो, आणि कारभार बराच राजकारणी वाटतो. माझ्या मते यातले बरेच नियम देहदंडाचा अधिकार हातातून गेल्यावर, न्याय कसा असावा याचा विचार करत घडलेले आहेत.

देहदंडावरून मिश्नातच धर्मपंडितांची जुंपलेली आहे. सात वर्षांत एकाला मारणारी सभा घातकी, असं एक मत. एलाझार बेन अझर्या म्हणतात, सत्तर वर्षांत एक. तर्फोन आणि अकिवा म्हणतात, आम्ही सभेत असतो तर कुणालाच कधी मारलं नसतं. त्यावर शिमोन बेन गमलिएल म्हणतात, मग यांनी इस्राएलात खुनी वाढवले असते. पुढे निकाल नाही, प्रकरण तिथेच संपतं.