व्हॉल्व्ह तापवायचा किती वेळ?

प्रश्न : चिकोडी तालुक्यातल्या साखर कारखान्यात को-जनच्या (वाफेवर वीज तयार करण्याच्या) टर्बाइनवर हेल्पर आहे. सीझनच्या सुरुवातीला वाफ तयार असूनही टर्बाइनची वाफ अडवणारा स्टॉप व्हॉल्व्ह तासभर बायपासवर, म्हणजे बाजूच्या बारीक वाटेने थोडी वाफ सोडून, तापवत ठेवतात. चालू मशीन अचानक बंद पडून ट्रिप झाल्यावर मात्र तोच पटकन उघडतात. नियम नेमका कोणता?

उत्तर : घड्याळ बघू नका, तापमानातली तफावत बघा. व्हॉल्व्हच्या जाड भिंतीला आतून वाफ लागते, बाहेरचं अंग गारच असतं. आतलं फुगायला बघतं, बाहेरचं फुगू देत नाही. आतली कातडी बाकीच्या भिंतीपेक्षा 100 अंशांनी तापली, तरी दर चौरस मिलिमीटरला 300 न्यूटनच्या वर ताण बसतो. आतल्या कोपऱ्यांत त्याहून जास्त. आणि भिंत दुप्पट जाड असली, तर उष्णता आरपार जायला चौपट वेळ. पातळ पाइप तापला म्हणून व्हॉल्व्ह तापला, असं नाही.

दाबही हळूहळू चढवायचा. गार धातूवर वाफेचं पाणी होतं तेव्हा ती आपली उष्णता एकदम टाकते. 5 बारला हे साधारण 150 अंशांवर होतं, 65 बारला 280 वर. बायपास सुरुवातीलाच फाकवला तर धातूला केवढा हिसका बसेल, बघा.

आता ट्रिपचं. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. सीमाभागातल्याच एका कारखान्यात, रात्रपाळीला. दोन तास मशीन बंद, वरून सारखे फोन. व्हॉल्व्ह गरम आहे म्हणून मी लगेच उघडला. व्हॉल्व्ह गरम होता खरा, पण अलीकडच्या लाइनीत पाणी साचलेलं, ते काढायचे ड्रेन बंद. ओली, गार वाफ तापल्या धातूवर आदळली. लहानपणी गावात लोहार शेणींच्या जाळात लोखंडी धाव लाल करून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. धाव आक्रसून चाकाला करकचून आवळायची. इथे आतली कातडी म्हणजे ती धाव. तिला आक्रसायचं असतं, मागचा गरम धातू आक्रसू देत नाही. मग ती फाटायलाच बघते.

त्या रात्री काहीच दिसलं नाही. ऑफ-सीझनला व्हॉल्व्ह उघडून चीर शोधायचा लाल डाय लावला, पुसला, पांढरी पूड मारली. सीटखालच्या कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ उमटली. तिचा दोष एकट्या माझ्या त्या रात्रीचा की आधीच्या वर्षांचाही, देव जाणे.

म्हणून ट्रिपनंतर आधी लाइनीचे ड्रेन उघडा. वाफ व्हॉल्व्हच्या धातूपेक्षा थोडी गरम आणि कोरडी झाली की खुशाल दहा मिनिटांत व्हॉल्व्ह उघडून घ्या. नसेल, तर साहेबांना चहा पाजा.