व्हॉल्व्ह ओके, पण बाजूने लीक

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. आईचं वय ६१, आधी विड्या वळायची. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात ऑपरेशन करून हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, बदललाय, मेटलचा आहे, ॲसिट्रोम ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. यंदा जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून जिना चढला की दम लागतोय, हिमोग्लोबिन ७ वर आलं, लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्त चढवलं, तरी परत खालीच. टूडी इकोत व्हॉल्व्ह ओके आहे म्हणाले. आता दुसऱ्या डॉक्टरांनी घशातून इको केला तर म्हणतात व्हॉल्व्हच्या बाजूने लीक आहे, परत ऑपरेशन करा नाहीतर पायातून तार टाकून बंद करा. असं खरंच होतं का? परत छाती उघडायची म्हटलं की आई रडायलाच लागते.

उत्तर : होतं. पण सगळ्यांना जमत नाही, आणि तारीख घ्यायच्या आधी एकदोन गोष्टी बघायलाच लागतात.

कृत्रिम व्हॉल्व्हच्या भोवती कापडाची एक रिंग असते आणि सर्जन ती रिंग हृदयाच्या आतल्या कडेला टाके घालून शिवतात. दार झकास उघडतंय-मिटतंय, पण चौकट आणि भिंत यांच्यात फट राहिली तर वारा येणारच, आईचं तसं झालंय. याला पॅराव्हॉल्व्ह्युलर लीक म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं पीव्हीएल म्हणतात. त्या कडेला कॅल्शियम साचलेलं असेल, टिश्यू नाजूक असेल, इन्फेक्शनने टाका सुटला असेल, कारणं बरीच आहेत. बारीकसं लीक पुष्कळ जणांना असतं आणि त्यांना काही होत नाही, त्यांच्या मागे लागायचं कारण नाही. त्रास होण्याइतकं लीक साधारण शंभरात एक ते पाच जणांना होतं.

टूडी इकोत दिसलं नाही म्हणून पहिल्या डॉक्टरांवर राग धरू नका. छातीवर प्रोब ठेवला की लहरी मेटलवर आपटतात आणि मागे काळी सावली पडते, मायट्रलचं लीक नेमकं त्या सावलीतच लपतं. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला पाठीमागून चिकटून जाते, म्हणून घशातून प्रोब घातला, म्हणजे टीईई केला, की तिकडून सगळं स्वच्छ दिसतं. थ्री-डी टीईईत तर व्हॉल्व्ह घड्याळाच्या तबकडीसारखा मांडतात, महाधमनी १२ वाजता धरायची, आणि लीक ४ वाजता आहे की १० वाजता ते रिपोर्टात लिहितात. आईच्या रिपोर्टात असा आकडा आहे का बघा, नसेल तर विचारा, कारण तार कुठून घालायची ते त्याच्यावर ठरतं.

आता हिमोग्लोबिनचं. त्या फटीतून रक्त इतक्या जोरात मागे फेकलं जातं की तांबड्या पेशी फुटतात. फट मोठीच पाहिजे असं नाही बरं का, कधीकधी बारीक फटच जास्त पेशी फोडते. रक्ताच्या तपासणीत एलडीएच आणि बिलिरुबिन वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन खाली, सकाळची लघवी गडद तांबूस, असं असेल तर समजायचं रक्त आतच फुटतंय. लोहाच्या गोळ्या वाया गेल्या असंही समजू नका, फुटलेल्या पेशींमधलं लोह लघवीवाटे जातं म्हणून त्या लागतातच, सोबत फॉलिक ॲसिडही लागतं. फक्त फट तशीच राहते, म्हणून आकडा परत खाली येतो.

ठरवायच्या आधीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे इन्फेक्शन. व्हॉल्व्हवर जंतू बसलेले असतील तर तारेवरून प्लग, म्हणजे फट बुजवायचं बूच, घालायचाच नाही, आधी ते निस्तरायचं. आईला मधे ताप येऊन गेला का? आपल्याकडे काय होतं, ताप आला की गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू होतं, ताप उतरतो, आणि मग ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीत, काही सापडतच नाही. व्हॉल्व्ह बसवलेल्या माणसाला ताप आला तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर पाठवायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शिवाय आत गुठळी असेल, किंवा व्हॉल्व्ह एवढा सुटलाय की अख्खाच हलतोय, तर तारेचं काम नाही, तिथे सर्जनच लागतो.

प्रोसिजर अशी असते. टीईई चालू ठेवायचा म्हणून बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. जांघेतल्या शिरेतून उजव्या वरच्या कप्प्यात जायचं, मधला पडदा सुईने टोचून डाव्या कप्प्यात, मग बारीक वायर त्या फटीतून पलीकडे. हीच खरी कसरत, हृदय धडधडतंय आणि फट वाकडी, चंद्रकोरीसारखी, वायर कधी पटकन जाते कधी तासभर जात नाही. गेली की तिच्यावरून नळी सरकवून निटिनॉल या लवचीक धातूच्या जाळीचा प्लग उघडतात. सोडून द्यायच्या आधी व्हॉल्व्हची मेटलची पाकळी नीट हलतेय का ते एक्सरेवर बघतात, अडत असेल तर प्लग मागे ओढून घेतात. प्लग निसटणं, पक्षाघात, रक्तस्राव असे धोके आहेत, कमी असले तरी आहेत. तसं हे तंत्र आजकालचं नाही, १९९२ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा पहिल्या केसेस छापल्या होत्या.

मग ऑपरेशन की तार? आईला परत ऑपरेशनचा धोका कमी असेल तर सर्जरी हाच पहिला पर्याय, गाइडलाइन तेच सांगतात. धोका जास्त असेल आणि फटीची जागा-आकार सोयीचा असेल तर तार. अनुभवी टीमच्या हातात दहात साधारण आठ वेळा प्लग बसतो. दम चांगला कमी होतो, पण रक्त फुटणं तेवढ्या खात्रीने थांबत नाही, आणि फट अर्धवट बुजली तर क्वचित जास्तच फुटायला लागतं. आईचा मुख्य त्रास हिमोग्लोबिनचा आहे, त्यामुळे हा प्रश्न डॉक्टरांना तोंडावर विचारा.

पुणे, मुंबई, हैदराबाद कुठेही जा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच तेलुगू घरांना भाषेमुळे हैदराबाद सोयीचं पडतं, ते ठीकच आहे. पण आधी विचारा की पीव्हीएलच्या किती केसेस केल्या, थ्री-डी टीईई आहे का, सर्जन हजर असतो का. सोबत जुनं डिस्चार्ज कार्ड न्या, व्हॉल्व्हची कंपनी आणि नंबर त्यावर असतो, आणि टीईईची सीडी, नुसता कागद नको. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत नेमकं काय बसतं ते त्या हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडून, आधीच विचारून घ्या. ॲसिट्रोम स्वतःहून बंद करू नका, कधी थांबवायची ते तिथले डॉक्टर सांगतील. आणि मीठ कमी, म्हणजे लोणचं-पापड बंद आणि शेंगाचटणी चिमूटभर. सोलापुरात हे सांगणं म्हणजे भांडण विकत घेणं, तरी सांगतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना मागच्या वर्षी असाच प्लग बसवलाय. आता दाढ काढायचीय. ॲसिट्रोम बंद करायची का? आणि पुढे कधी एमआरआय करता येईल का? – जुळे सोलापूर

उत्तर : एका दाढेसाठी सहसा बंद करत नाहीत, आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, करा, जास्त आला तर दाढ पुढे ढकला. दाढ काढायच्या अर्धा ते एक तास आधी व्हॉल्व्हवर जंतू बसू नयेत म्हणून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम लागेल, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, दुसरं औषध देतात. निटिनॉलचा प्लग असला तरी एमआरआय होतो, फक्त व्हॉल्व्ह आणि प्लग दोन्हीची कार्डं टेक्निशियनला दाखवा.