इटलीहून न्यूयॉर्कला आलेल्या पणजोबांचे मूळ गाव कसे शोधावे?

आपण लिहिले आहे की आपल्या जावयांचे पणजोबा १९०९ च्या सुमारास नेपल्सहून जहाजाने न्यूयॉर्कला आले, एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातील ज्या बेटावर येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी होई तेथे) अधिकाऱ्यांनी त्यांचे आडनाव बदलले असे घरात सांगतात, आणि तेथील नोंदींत ते आजच्या आडनावाने सापडत नाहीत. माझ्या सुनेचे माहेर इटालियन वंशाचे आहे. तिच्या पणजोबांचा शोध घेताना याच समजुतीपायी माझे कित्येक महिने वाया गेले, म्हणून आधी त्या समजुतीविषयी लिहितो.

एलिस आयलंडवर कोणाला नवे नाव दिले जात नसे. प्रवाशांची यादी जहाज कंपनीचे कारकून निघण्याच्या बंदरातच तयार करीत, आणि न्यूयॉर्कचे निरीक्षक तीच यादी समोर ठेवून एकेकाला प्रश्न विचारीत. नाव बदलले ते बहुधा पुढे, कामाच्या ठिकाणी, शाळेत किंवा नागरिकत्वाच्या कागदांवर. त्यामुळे जोसेफ न शोधता त्याचे इटालियन रूप जुझेप्पे शोधावे आणि आडनावही मूळ इटालियन रूपात घ्यावे. पणजी मागाहून आल्या असतील तर त्यांना माहेरच्या आडनावाने शोधावे, कारण इटालियन विवाहिता सरकारी कागदांवर तेच लावीत. सासरचे आडनाव लावण्याची आपल्याकडची रीत डोक्यात असल्याने मला हे फार उशिरा सुचले.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टी–एलिस आयलंड फाउंडेशनच्या संकेतस्थळावर या याद्या पाहता येतात. मात्र नाव सापडले की तिथेच थांबू नये. १९०७ पासून ही यादी समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असे, आणि संगणकावर उजवे पान बहुतेक वेळा पुढच्या चित्रात असते. मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता पहिल्या पानावर मिळतो. अमेरिकेत कोणाकडे जायचे आहे, पूर्वी येऊन गेला होता का आणि जन्मगाव कोणते, हे दुसऱ्या पानावर. मी फक्त पहिले पान जपून ठेवले होते! अनेक इटालियन मजूर काही वर्षे कमावून परत जात आणि पुन्हा येत, तेव्हा एकाच माणसाच्या दोन-तीन याद्या मिळू शकतात. एकीत पुसट असलेले गाव दुसरीत स्पष्ट वाचता येते.

गाव कळल्याशिवाय इटलीतील कागदांना हात घालू नये, कारण तेथील जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या गावनिहाय आहेत, आणि घरच्यांच्या तोंडचे ‘नेपल्स’ हे पुष्कळदा केवळ बंदराचे किंवा प्रांताचे नाव असते. गाव कळल्यावर इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचे ‘अंतेनाती’ हे विनामूल्य संकेतस्थळ उघडावे. दक्षिण इटलीत या नोंदी १८०९ पासून आणि सिसिलीत १८२० पासून आहेत, पण सर्वच गावांच्या वह्या अजून तिथे चढलेल्या नाहीत. तारखा अक्षरी लिहिलेल्या असतात, म्हणून इटालियन अंक आणि महिन्यांची नावे आधी शिकून घ्यावीत.

थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची तेथे प्रथा असल्याने एकाच गावात त्याच नावाचे चार-पाच चुलतभाऊ निघतात. जन्मनोंदीत वडिलांचे वय व व्यवसाय आणि आईचे माहेरचे आडनाव असते. जहाजाच्या यादीत नातेवाईक म्हणून वडिलांचे किंवा आईचे नाव असेल, तर ते या नोंदीशी जुळल्यावरच तो माणूस आपला मानावा.